झाकण लावलं की केए-बँड मॉड्यूल ऑसिलेट होतं: गॅप वेव्हगाइडचं खिळ्यांचं झाकण कसं डिझाइन करावं?

सूक्ष्मलहरी (प्रश्न)

नमस्कार. २७ ते ३१ गिगाहर्ट्झचं, म्हणजे केए-बँडमधलं रिसीव्ह मॉड्यूल आहे. एकामागे एक तीन एलएनए एमएमआयसी (कमी गोंगाटाच्या अ‍ॅम्प्लिफायर चिपा), प्रत्येकी साधारण २० डीबी गेन, म्हणजे एकूण ६० डीबी. ०.२५४ मिमी अ‍ॅल्युमिनावर ५० ओहमची मायक्रोस्ट्रिप, दोन्ही टोकांना २.९२ मिमीचे कनेक्टर. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीची आतली मापं ४० × १८ मिमी, तळापासून झाकणापर्यंत ४ मिमी.

झाकण उघडं असताना गेन सपाट येतो, ड्रेन करंट स्थिर राहतो. सपाट झाकण ठेवलं की २७.४ ते २९ च्या दरम्यान गेनमध्ये सुळके उठतात आणि स्क्रू आवळत गेलं की २८ च्या आसपास सरळ ऑसिलेशन. झाकणाला आतून १ मिमी जाडीचा अ‍ॅब्सॉर्बर चिकटवला तर ऑसिलेशन थांबतं, पण साडेतीन डीबीची लहर उरते. शिवाय डबी सीलबंद करायची असल्यामुळे रबरी अ‍ॅब्सॉर्बर आत नको आहे.

गॅप वेव्हगाइडवाल्यांचं खिळ्यांचं झाकण, म्हणजे आतून धातूच्या बारीक पिनांच्या दाट ओळी असलेलं, वापरावं असा विचार आहे. पिनांची उंची, जाडी, अंतर कशावरून ठरवायचं? बाकी डबी आहे तशी ठेवून फक्त झाकण बदलता येईल का? आणि हे साध्या व्हीएमसीवर (सीएनसी मिलिंग मशीनवर) होण्यासारखं आहे का?

---

तरंगवेध

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहू, कारण तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

४ मिमी उंचीच्या डबीत ३७.५ गिगाहर्ट्झच्या खाली विद्युतक्षेत्र उभंच राहतं, त्यामुळे मोडचं (डबीत घुमणाऱ्या लाटांचं) गणित फक्त लांबी-रुंदीवर होतं: फ्रिक्वेन्सी = १५० × वर्गमूळ [(एम/४०)² + (एन/१८)²], एम, एन पूर्णांक, मापं मिमीत, उत्तर गिगाहर्ट्झमध्ये. २७ ते ३१ मध्ये चार मोड पडतात: (३,३) २७.४ ला, (७,१) २७.५ ला, (६,२) २८.० ला आणि (४,३) २९.२ ला. अ‍ॅल्युमिनामुळे प्रत्यक्षात ते थोडे खाली सरकतात. तुमचे सुळके नेमके तिथेच आहेत. म्हणजे बायस किंवा चिप यांना बोल लावायचं कारण नाही, डबीच आउटपुटची ऊर्जा इनपुटपर्यंत परत नेते आहे.

आता आयसोलेशन किती हवं ते ठरवा. परत येणारा सिग्नल लूपमध्ये (साखळीतून पुढे आणि डबीतून मागे अशा एका फेरीत) −१० डीबी असेल तर गेनमध्ये टोकापासून टोकापर्यंत ५.७ डीबी लहर दिसते, −२० ला १.७ डीबी, −३० ला ०.५५ डीबी. तुमची साडेतीन डीबीची लहर म्हणजे लूप −१४ च्या जवळ. याचा अर्थ अ‍ॅब्सॉर्बर लावूनही डबीचं आयसोलेशन त्या ठिकाणी ७४ डीबीच्या आसपासच आहे. थंडीत तिन्ही टप्प्यांचा गेन एकदम वाढतो आणि हे १४ डीबी भराभर संपतात. उद्दिष्ट ९० डीबी ठेवा.

खिळ्यांकडे जाण्याआधी एक साधा उपाय तपासा. साखळी ४ मिमी रुंदीच्या चॅनलमध्ये बसत असेल तर चॅनलचा कटऑफ (ज्याच्या खाली लाट पुढे जात नाही ती फ्रिक्वेन्सी) ३७.५ गिगाहर्ट्झ होतो आणि ३० ला दर मिमीला सुमारे ४ डीबी घट मिळते. १० मिमी लांबीत ४० डीबी फुकटात. मात्र झाकण खाली आणाल तसा अ‍ॅल्युमिनाचा वाटा वाढतो: ४ मिमी रुंद चॅनलची उंची २ मिमी केली तर कटऑफ ३५ वर येतो, १ मिमी केली तर ३३ वर, आणि घट झपाट्याने कमी होते. अरुंद चॅनल उंच ठेवावा, बुटका नव्हे. बायसचे कपॅसिटर आणि फीडथ्रू (भिंतीतून बायस आत आणणाऱ्या जोडण्या) धरून एवढ्या रुंदीत मांडणी बसत नसेल, तरच खिळे.

तत्त्व दोन ओळींत. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांपैकी एक वाहक आणि दुसरी चुंबकीय वाहकासारखी वागणारी असेल, आणि फट पाव तरंगलांबीपेक्षा कमी असेल, तर त्या फटीतून कुठलीच लाट जाऊ शकत नाही. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाच्या पेर-सिमॉन किल्डाल यांनी स्पेनमधल्या सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये याच आधारावर गॅप वेव्हगाइड मांडलं. चुंबकीय वाहक निसर्गात मिळत नाही, पण पाव तरंगलांबी उंचीच्या खिळ्यांची दाट रांगोळी आपल्या बँडपुरती तशी वागते. मायक्रोस्ट्रिपचं स्वतःचं क्षेत्र सबस्ट्रेटला चिकटून असतं, म्हणून तिला झाकणाचा त्रास होत नाही, आणि डबीभर पसरणारे मोड मात्र मरतात.

तुमच्या डबीसाठी मापं:

पिनेची उंची ३.० मिमी, पिनेच्या टोकापासून तळापर्यंत १.० मिमी. बेरीज ४.० होते, म्हणजे डबी तीच राहील, फक्त झाकण बदलेल. पाव तरंगलांबी बँडच्या मध्यावर धरली तर पिन २.६ मिमी येते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. ते टाळा. बंद पट्ट्याची, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सींमध्ये लाट अडते त्या पट्ट्याची, खालची कड पिनेची उंची पाव तरंगलांबी होते त्याच्या जराशी खाली असते. फट जितकी मोठी तितकी ती कड त्या बिंदूजवळ सरकते. इथे फट १ मिमी, म्हणजे चांगलीच मोठी. २.६ ची पाव तरंगलांबी २८.८ ला येते, त्यामुळे तुमचा २७ चा भाग कडेवर लोंबकळेल. ३.० मिमीला ती २५ ला येते. वरची कड पिन अधिक फट अर्धी तरंगलांबी होते तिथे, म्हणजे ४.० मिमीला ३७.५ च्या आसपास. २७ ते ३१ आरामात मध्ये बसतं.

पिन ०.८ × ०.८ मिमी चौकोनी, दोन पिनांमध्ये १.० मिमी, म्हणजे पिच १.८. हे १.० मुख्यतः टूलसाठी निवडलं आहे; पिच तरंगलांबीच्या मानाने लहान असली की वागणूक फारशी बदलत नाही. ४० × १८ मध्ये २२ × १० अशा २२० पिना बसतात.

फटीचा हिशेब असा: १.० मधून ०.२५४ अ‍ॅल्युमिना गेलं की ०.७५ उरतात. चिप ०.१ मिमीची असेल तर तिच्याखाली ०.१५ चा शिम किंवा चौथरा ठेवून तिचा माथा अ‍ॅल्युमिनाच्या बरोबरीला आणा, म्हणजे बाँड वायर आखूड होते. वायरची कमान ०.१५ धरली तरी पिनेपर्यंत ०.६ मोकळे. फट याहून कमी करायचा मोह होईल, कारण बँडविड्थ वाढते. पण सबस्ट्रेटच्या जाडीइतक्या जवळ पिना आल्या की मायक्रोस्ट्रिपचा इंपिडन्स बदलायला लागतो.

कटाईच्या आधी एका पिनेचा युनिट सेल आयगनमोड सॉल्व्हरमध्ये (रचनेचे मोड काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका: खाली धातू, ०.२५४ अ‍ॅल्युमिना, हवा, पिन, चारही बाजूंना पिरिऑडिक सीमा. फक्त एका दिशेचा फेज फिरवून थांबू नका, कर्णाची दिशाही घ्या. पहिला मोड जिथे संपतो आणि दुसरा जिथे सुरू होतो त्यामधला भाग तुमचा.

---

टूलरूम

साध्या व्हीएमसीवर होतं. भोसरी-चाकणकडे १२,००० आरपीएमचा स्पिंडल असलेलं कुठलंही चांगलं जॉब शॉप हे करून देईल, फक्त ड्रॉइंगवर खालच्या गोष्टी लिहून द्या.

टूल: १ मिमी कार्बाइड एंड मिल, दोन फ्लूट, अ‍ॅल्युमिनियमसाठीची, गळ्याची मोकळी लांबी निदान ४ मिमी. १२,००० आरपीएम, दर दाताला ०.०१ मिमी, म्हणजे २४० मिमी प्रति मिनिट. एका पासला ०.१५ खोली, ३ मिमीला २० पास. २१ आडव्या आणि ९ उभ्या खाचा धरून टूलपाथ सुमारे १६ मीटर होतो, तास-सव्वा तास लागतो. २४,००० चा स्पिंडल असेल तर निम्मा. घाई करून पास ०.४ चा केला की टूल कलतं, पिना वर जाड आणि खाली बारीक किंवा उलट येतात, आणि शेवटी टूल खाचेतच तुटतं. तुटलेला कार्बाइडचा तुकडा अ‍ॅल्युमिनियममधून काढताना शेजारच्या दोन पिना जातात.

१ मिमी जाडीच्या स्लिटिंग सॉने खाचा फार लवकर होतात, कारण पिनांचं मूळ आणि झाकण बसण्याची कड एकाच पातळीवर आहे, त्यामुळे सॉ आरपार काढता येतो. कडेला घासू नये म्हणून ०.०३ वर ठेवा. अडचण दुसऱ्या दिशेच्या कापात येते: बर (कापाच्या कडेला लोंबणारा धातूचा पापुद्रा) पहिल्या खाचांमध्ये दुमडतो. पहिल्या दिशेच्या खाचा मेणाने भरून मग आडवा काप घ्या, बर निम्म्याहून कमी होतो.

महत्त्वाचं माप एकच: झाकणाच्या बसण्याच्या कडेपासून पिनेच्या टोकापर्यंत ३.००. दोन्ही पृष्ठं एकाच सेटअपमध्ये फेस करा आणि ± ०.०३ मागा. पिनेच्या जाडीला ± ०.०५ पुरतं. पिनेच्या बुडाशी टूलची गोलाई राहिली तर काही बिघडत नाही, तिच्यासाठी शॉपला छळू नका.

डबीचे आतले कोपरे पाहा. २२ पिनांचा ब्लॉक ३८.६ मिमी आणि १० चा १७.० मिमी होतो, म्हणजे भिंतींपासून ०.७ आणि ०.५. कोपऱ्याची त्रिज्या २ मिमी असेल तर कोपऱ्यातली पिन भिंतीपासून जेमतेम ०.०२ वर येते, म्हणजे अडकणारच. त्रिज्या १.५ असेल तर ०.२ मोकळे राहतात. २ असेल तर चारही कोपऱ्यांतल्या पिनांचा बाहेरचा कोपरा तासा.

साफसफाई: नायलॉन ब्रश, मग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) अल्ट्रासॉनिक, मग भिंगाखाली ओळीने प्रत्येक खाच. सुटा राहिलेला बर नंतर हलून चिपवर पडला की बाँड पॅड शॉर्ट होतात, आणि सीलबंद डबीत तो शोधताही येत नाही. लेझरने सील करणार असाल तर ६०६१ मिश्रधातूच्या डबीवर ४०४७ मिश्रधातूचं झाकण घ्या. ६०६१ वर ६०६१ वेल्ड केलं की तडे जातात. ४०४७ मध्ये सिलिकॉन जास्त असल्यामुळे टूल लवकर झिजतं, एका झाकणाला नवीन टूल ठेवा.

---

सूक्ष्मलहरी

दोघांचेही मनापासून आभार. अरुंद चॅनल बसत नाही, बायसचं जाळं दोन्ही बाजूंना आहे. त्यामुळे खिळेच.

तीन अडचणी राहतात. एक, मायक्रोस्ट्रिपला समांतर एका ओळीत ०६०३ चे कपॅसिटर आहेत, ०.८ मिमी उंच. तिथल्या पिनांच्या ओळी काढून टाकू का? दोन, या एमएमआयसीना २२ गिगाहर्ट्झलाही प्रत्येकी १५ डीबी गेन आहे. तीन, पुढच्या आवृत्तीत इनपुट कनेक्टरऐवजी तळातून डब्ल्यूआर-२८ वेव्हगाइडने (धातूच्या आयताकृती नळीने) घ्यायचं आहे.

---

फटमापक

पहिल्या दोन्हींवर लिहितो, कारण खिळ्यांची झाकणं फसतात ती इथेच.

पिनांच्या ओळी सिग्नलच्या दिशेने काढू नका. ओळी काढल्यावर उरते ती मोकळी नाळ म्हणजेच ग्रूव्ह गॅप वेव्हगाइड, या तंत्राचाच दुसरा प्रकार, आणि तो उत्तम वहन करतो. हिशेब करा: दोन ओळी काढल्या तर नाळेची रुंदी २ × १.८ + १.० = ४.६ मिमी, कटऑफ ३२.६, अ‍ॅल्युमिना धरून साडेएकतीस. म्हणजे ३१ च्या अगदी डोक्यावर. तीन ओळी काढल्या तर ६.४ मिमी, कटऑफ साडेतेवीसच्या खाली, आणि तुम्ही आउटपुटपासून इनपुटपर्यंत स्वतःच्या हाताने वेव्हगाइड टाकला. याच कारणासाठी शेवटची ओळ आणि डबीची भिंत यांत अंतर पिचपेक्षा जास्त ठेवायचं नाही. इथे ते ०.५–०.७ आहे, ठीक.

पिनांचा चौकोनी खड्डा केला तरी तेच. ३ × ३ पिना काढल्यावर ६.४ मिमीची खोली तयार होते, तिचा पहिला रेझोनन्स हिशेबाने ३३ ला. पिनांच्या भिंती टणक नसतात, क्षेत्र थोडं आत शिरतं, त्यामुळे तो आणखी खाली, तुमच्या बँडकडे येतो. एखादी सुटी पिन काढणं निर्धोक आहे. ती काढण्याऐवजी बुटकी केली तर चालेल असं वाटतं, पण मग ती पिन तुमच्या बँडसाठी पाव तरंगलांबी राहत नाही. ती काढल्यातच जमा.

म्हणून बदल कपॅसिटरमध्ये करा. चिपजवळ १०० पिकोफॅरडचे सिंगल-लेयर तसेच ठेवा, ते चिपच्याच उंचीचे असतात. ०६०३ च्या जागी ०४०२ घ्या: ०.२५ अ‍ॅल्युमिना, ०.५ कपॅसिटर, ०.०५ सोल्डर, बेरीज ०.८, पिनेपर्यंत ०.२ उरतात. उभा राहिलेला कपॅसिटर पिनेला टेकेल, तेव्हा रिफ्लोनंतर उंची तपासा. मोठ्या व्हॅल्यूचे सगळे फीडथ्रूच्या बाहेर न्या.

आता २२ गिगाहर्ट्झ. खिळे फक्त त्यांच्या पट्ट्यात काम करतात. पट्ट्याच्या खाली ते लाटेला अडवत तर नाहीतच, उलट मंद करतात, त्यामुळे डबीचे खालचे मोड रिकाम्या डबीपेक्षाही खाली येतात. आणि खालच्या कडेपाशी डिस्पर्शनची (फेजनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारी) रेघ आडवी होत जाते, म्हणून तिथे मोड एकमेकांना खेटून येतात. तुमच्याकडे नेमका तिथे ४५ डीबी गेन आहे. २८ चं ऑसिलेशन बंद करून २२–२३ ला नवीन उभं राहणं ही या झाकणाची नेहमीची तक्रार, आणि बँडपुरता व्हीएनए (गेन आणि परावर्तन मोजणारं यंत्र) पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामध्ये अ‍ॅल्युमिनावरच २७–३१ चा कपल्ड-लाइन बँडपास फिल्टर. दीड-दोन डीबी जातात, पण दोन टप्प्यांच्या ४० डीबीनंतर नॉइज फिगरला त्याची झळ लागत नाही, आणि २२ चा लूप गेन फिल्टरच्या घटीइतका उतरतो. पिना उंच करून कड आणखी खाली ढकलता येते, पण मग झाकण आणि तळ यांतलं एकूण अंतर वाढतं आणि वरची कड खाली येते. ३.० वरून ३.५ केलं आणि फट १.० च ठेवली तर वरची कड ३३ ला. तुम्हाला चालेल, पण मोकळीक संपली, आणि डबीही नवी करावी लागेल.

---

तरंगवेध

डब्ल्यूआर-२८ चं: तोंड ७.११२ × ३.५५६ मिमी, कटऑफ २१.१. २९ ला गाइडमधली तरंगलांबी १५.०५ मिमी, तिचा पाव ३.७६. तुमच्या डबीत अ‍ॅल्युमिनाच्या माथ्यापासून झाकणाच्या सपाट भागापर्यंत ३.७५ आहे. म्हणजे तळातून येणाऱ्या तोंडाच्या बरोबर वर पिना न ठेवता तेवढी जागा सपाट सोडली की तोच बॅकशॉर्ट (वेव्हगाइडचं बंद टोक), वेगळा खड्डा खोदायला नको. अ‍ॅल्युमिनाची जीभ तोंडावर घुसवून त्यावर प्रोब. पिनांचं ग्रिड त्या भागात थोडं सरकवा म्हणजे मोकळी जागा तोंडाएवढीच राहील, आणि तोंडाभोवती निदान दोन ओळी पिना ठेवा. नेहमीच्या बांधणीत प्रोबची वाट जिथे भिंतीतून जाते तिथे खिडकी कापावी लागते आणि तिथून गळती होते. इथे ती वाट पिनांच्या खालून जाते, गळतीचा प्रश्न सुटतो. प्रोबची लांबी आणि बॅकशॉर्ट मिळून शेवटचं ट्यूनिंग पूर्ण मॉडेलमध्येच करा, कारण पिनांची भिंत थोडी मऊ असल्यामुळे ३.७६ हा सुरुवातीचाच आकडा आहे.

---

इमिली

याच मोजमापाने ७७ गिगाहर्ट्झला जाता येईल का? पिना फारच बारीक होतील ना?

---

फटमापक

७७ ला पाव तरंगलांबी ०.९७ मिमी. पिना ०.३–०.४ च्या, फट ०.१–०.२ ची, आणि मग ± ०.०३ चा फरकही जाणवतो. एखादा नमुना मिलिंगने होतो, संख्येने काढायचे तर साच्याकडे वळावं लागतं. चाल्मर्समधून २०११ मध्ये निघालेली गॅपवेव्ह्ज ही कंपनी मोटारींच्या रडार अँटेना याच तंत्रावर करते. मिलिंगच करायचं असेल तर ग्लाइड-सिमेट्रिक भोकं पाहा: दोन्ही पट्ट्यांवर गोल भोकं, एकावरची दुसरीच्या अर्ध्या पिचने सरकवलेली. पिच आणि व्यास पिनांच्या कितीतरी पट मोठे असतात, ड्रिलने होतात. अट अशी की भोकं दोन्ही बाजूंना लागतात आणि फट फार लहान हवी. म्हणून फ्लँज आणि वेव्हगाइड जोडांना ती छान, मायक्रोस्ट्रिपच्या वर झाकण म्हणून मात्र पिनाच.

---

सूक्ष्मलहरी

०४०२ आणि फिल्टर दोन्ही घेतो. चिपा बसवण्याआधी झाकण एकटं कसं तपासायचं?

---

तरंगवेध

एक निष्क्रिय नग करा. तीच डबी, तेच अ‍ॅल्युमिना, पण चिपांच्या जागी मायक्रोस्ट्रिप तोडून दोन्ही टोकं उघडी सोडा. मग एस२१ (इनपुटपासून आउटपुटपर्यंत पोहोचणारा सिग्नल) म्हणजे डबीचं आयसोलेशन. सपाट झाकण आणि खिळ्यांचं झाकण एकाच कॅलिब्रेशनवर मोजा. ९० डीबी पाहायचं तर व्हीएनएचा तळ −१०० च्या खाली हवा: आयएफ बँडविड्थ १० हर्ट्झ, पोर्ट पॉवर जास्तीत जास्त, आणि आधी दोन्ही केबलींना टर्मिनेशन लावून केबलींमधली गळती नोंदवा. कनेक्टर एका वेढ्याने जरी सैल असेल तर त्याचीच गळती −९० च्या वर येते. १० ते ४० पूर्ण स्वीप घ्या. २५ च्या खाली जे सुळके दिसतील ते फिल्टरच्या डिझाइनला द्या.

सक्रिय नगाला आधी दोन्ही पोर्टांवर ५० ओहम टर्मिनेशन, मग बायस. आउटपुट कपलरमधून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर ४० पर्यंत बघा, फक्त बँड नव्हे. झाकण बोटाने दाबून सोडा: ड्रेन करंट हलला तर कुठेतरी ऑसिलेशन आहे, स्क्रीनवर दिसो वा न दिसो. त्यानंतरच व्हीएनए, आणि इनपुटला ३० डीबी पॅड लावून मॉड्यूलच्या तोंडाशी −६० डीबीएमने सुरुवात करा, म्हणजे आउटपुट ० डीबीएमवर राहील आणि शेवटची चिप दबणार नाही. −४० अंशाची फेरी झाकणाचे सगळे स्क्रू लावून घ्या आणि मग निम्मे सैल करून पुन्हा घ्या. बँडमधला गेन दोन्ही वेळी एकसारखा आला तर पिना काम करत आहेत; सैल केल्यावर लहर बदलली तर क्षेत्र अजून भिंतीपर्यंत पोहोचतं आहे, पिनांच्या टोकाची फट आधी मोजा.